शितावरून कळपाची परीक्षा

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण प्रथम जिच्या तोंडून निघाली ती चुलीपुढे बसलेली कुणी बाईच असली पाहिजे. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यातल्या काळोख्या स्वयंपाकघरात आजी पळीने एक शीत काढी, अंगठा आणि तर्जनी ह्यांमध्ये दाबून पाही आणि ‘उतरवा आता’ एवढेच म्हणे. वीस माणसांचा भात. पण निकाल एका शितावर लागे आणि तो कधी चुकल्याचे मला आठवत नाही. पुढे इतिहासाचा शिक्षक झाल्यावर मी ही म्हण वर्गात फार वापरली. एका सनदेवरून एका राजवटीची, एका पत्रावरून एका घराण्याची परीक्षा करण्याची आम्हां इतिहासवाल्यांना खोडच असते.

ह्या खोडीला पहिला तडा दिला तो माझ्या एका स्नेह्यांनी. हे गृहस्थ पशुवैद्यक. आयुष्य जनावरांच्या औषधोपचारात गेलेले, बोलणे थोडे आणि तेही अर्धे शेणामुताचे. एकदा माझ्याकडे जेवायला आले असताना मी ती म्हण उच्चारली. भाताचा घास तसाच हातात धरून ते म्हणाले, “गुरुजी, भात एकाच आधणात शिजतो म्हणून तुमची म्हण खरी. कळप एका आधणात शिजत नसतो. एक शीत पाहून मी कळप ‘उतरवला’ तर गावच्या गाव उपाशी मरेल.”

मी हसलो, पण वाक्य मनात राहिले. काही दिवसांनी त्यांनीच निरोप धाडला. शहराच्या पूर्वेस एका नाल्याकाठी डुकरांच्या रक्ताचे नमुने घ्यावयाचे होते, बघावयाचे असेल तर यावे. ते तेव्हा नोकरीत होते. मी गेलो.

डुक्कर ह्या प्राण्याविषयी आम्हां पेठेतल्या माणसांचे ज्ञान म्हणजे दशावतारांच्या चित्रातला वराह आणि उकिरड्यावरचे डुक्कर ह्या दोहोंमध्ये कुठेच काही नाही. पुराणात पृथ्वी दातांवर उचलून आणणारा आणि गल्लीत दगड खाणारा प्राणी एकच, हे कधी लक्षातही येत नाही. त्या सकाळी मी पहिल्यांदा डुक्कर जवळून पाहिले. मालक साठीच्या पुढचा, सडपातळ. घरात सून, दोन नातवंडे आणि पत्र्याच्या आडोशात तीसबत्तीस डुकरे. माझे स्नेही त्यांना ‘मामा’ म्हणत होते.

काम दिसावयास सोपे, करावयास अवघड. दोरीचा फास डुकराच्या वरच्या जबड्यात, सुळ्यांच्या मागे अडकवावयाचा. गाय दोरी ओढली की पुढे येते. डुक्कर मागे रेटते आणि त्या रेटण्यानेच जागच्या जागी उभे राहते. मग ते जे ओरडते ते ऐकून नवख्याला वाटावे, जनावराचा प्राण चालला. मान वर ताणली गेली की गळ्याच्या खोबणीत लांब सुई घालून छातीकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेतून रक्त घ्यावयाचे. शीर डोळ्यांना दिसत नाही. हाताच्या सवयीनेच सापडते. लहान पिलू असेल तर त्याला उताणे धरतात. फास सुटला की तेच जनावर दोन पावलांवर जाऊन काही झालेच नाही अशा थाटात उकरू लागते.

खरे नाजूक काम त्यानंतरचे. नळी तिरपी ठेवून रक्त गोठू द्यावयाचे, वर आलेले पिवळसर रक्तजल अलगद काढून घ्यावयाचे, ते बर्फात ठेवावयाचे, नळीवर आकडा घालावयाचा आणि तोच आकडा वहीत लिहावयाचा. शेजारी जनावराचे वय, ते घरचे की विकत आणलेले, माद्या गाभडल्या होत्या काय, मागच्या पावसाळ्यात कुठले दुखणे आले होते. माझे स्नेही रक्तापेक्षा वहीवरच अधिक वेळ होते. “आकडा चुकला की हे रक्त नव्हे, लाल पाणी,” ते म्हणाले.

शेवटची नळी पेटीत गेली तेव्हा मामांनी विचारले, “साहेब, रगत न्हेता, बरं हाय. माज्या बापाच्या वक्ताबी न्हेलं, गेल्या साली बी कोन तरी न्हेलं. पन निकाल काय लागला त्ये आमाला कोन सांगनार?”

माझे स्नेही काही बोलले नाहीत. परतताना गाडीत एवढेच म्हणाले, “निकाल वर जातो. खाली यायची वाट कुणी आखलेली नाही.”

मामांचा तो प्रश्न मला सोडीना. रक्त वर जाण्याची ही वाट कुणी आणि कधी आखली, एवढे तरी पाहावे म्हणून मी जुनी कागदपत्रे चाळू लागलो. आणि आश्चर्य असे की ती वाट पुष्कळशी आमच्या पुण्यातूनच गेलेली निघाली.

*

जनावरांच्या रोगांविषयी सरकारला जी आस्था वाटू लागली ती प्रथम घोड्यांमुळे, हे सांगितलेच पाहिजे. फौज घोड्यांवर आणि तोफा बैलांवर चालत. १८६२ साली पुण्यात लष्करी पशुवैद्यकाची शाळा निघाली ती त्या गरजेतून. शेतकऱ्याच्या गोठ्याकडे लक्ष गेले ते बुळकांडीने. हा रोग एकदा गावात शिरला की आठ-पंधरा दिवसांत दावणी रिकाम्या होत. पेरणीच्या तोंडावर बैल गेले की दुष्काळाला पावसाची वाट पाहावी लागत नसे. ह्या रोगांची चौकशी करण्यासाठी सरकारने आयोग नेमला. त्याचे प्रमुख हॅलन हे लष्करी पशुवैद्यक होते आणि त्यांचा अहवाल १८७१ साली प्रसिद्ध झाला. त्या काळी चौकशी म्हणजे विचारपूस. कुठे रोग आला, किती मेली, लोक काय म्हणतात. जनावराच्या रक्ताला साक्षीला बोलावण्याची कल्पना अजून यावयाची होती.

ती आली १८८० साली, डेरा इस्माईलखान येथे. तेथे घोडे आणि उंट ‘सर्रा’ नावाच्या रोगाने झिजून मरत होते. ग्रिफिथ इव्हान्स ह्या लष्करी पशुवैद्यकाने आजारी जनावरांच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तो त्यात वळवळणारे जंतू दिसले. हेच रोगाचे कारण, असे त्याने लिहून कळवले. वरिष्ठांनी ते मानले नाही. रक्तातले जंतू रोगामुळे आले असतील, रोग त्यांच्यामुळे नव्हे, असे त्यांचे मत पडले. आज त्या जंतूच्या नावात इव्हान्सचे नाव आहे. थेंबभर रक्त खरे बोलले आणि वरच्यांनी ते ऐकले नाही, अशी ह्या इतिहासाची सुरुवातच आहे.

पुढे नऊ वर्षांनी, ९ डिसेंबर १८८९ रोजी, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे संगमाजवळ आज जेथे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे तेथे, ‘इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ स्थापन झाली. जनावरांच्या रोगांचे संशोधन करणारी हिंदुस्थानातली ही पहिली प्रयोगशाळा. तिचे प्रमुख डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड. त्यांनी सर्रा आणि बुळकांडी ह्या दोन रोगांवर काम केले. पण बुळकांडीचे विष गजबजलेल्या सपाट मुलखात, गुराढोरांच्या वस्तीत बाळगणे धोक्याचे होते आणि इथला उन्हाळाही अशा कामाला सोसवणारा नव्हता. म्हणून १८९३ साली हे बिऱ्हाड कुमाऊंच्या डोंगरात, मुक्तेश्वरला हलले. १८९७ साली खुद्द रॉबर्ट कॉख तेथे जाऊन आले. आज बरेलीजवळ इज्जतनगरला असलेली भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच. तिचे माहेर पुणे, हे पुण्यातच फार थोड्यांना माहीत आहे. संगमावरून जाताना मी आता त्या दगडी इमारतीकडे जरा निराळ्या नजरेने पाहतो.

*

लिंगार्ड गेले आणि तीन-चार वर्षांतच पुण्याला जो पाहुणा आला त्याने जनावरांच्या रोगाचा प्रश्न माणसांच्या घरात आणून सोडला. १८९६ साली मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग आला. रोग उंदरांत आहे हे लोकांना आधीपासून ठाऊक होते. उंदीर पडू लागले की घर सोडावे, ही शहाणीव खेड्यापाड्यांतही होती. सरकारला मात्र माणसे तपासावयाची होती. १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात जी घरझडती झाली तिची कथा महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको. गोरे सोजीर स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरत, बायामाणसांना रस्त्यावर आणून काखा-जांघा तपासत. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडसाहेबावर गोळी झाडली गेली.

ह्या प्रकरणाचे राजकारण आपण पुष्कळ लिहिले. पण त्याची दुसरी बाजूही आहे. रोग शोधणे हा हेतू काही वाईट नव्हता. जिच्या घरात रोगी होता ती आई मात्र त्याला माळ्यावर लपवू लागली, आणि लोक प्रेते घरातच पुरू लागले. ज्याची परीक्षा करावयाची तोच परीक्षकाला भिऊ लागला की परीक्षेचा निकाल खोटा येणार, हा धडा पुण्याने फार महाग किमतीला घेतला.

रोगाचा खरा उलगडा झाला तो मुंबईत, आणि मुक्या साक्षीदारांकडून. १९०४ साली भायखळ्याच्या व्हिक्टोरिया बागेत गिनीपिग मरू लागले. ग्लेन लिस्टन ह्या संशोधकाने त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा पाहिल्या आणि त्याचा संशय पक्का झाला. पुढच्याच वर्षी नेमलेल्या प्लेग आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत शहरभरचे उंदीर गोळा करून तपासले. कुठल्या मोहल्ल्यात कुठल्या दिवशी कुठल्या जातीचा उंदीर सापडला, हे टिपून ठेवले. प्लेगने रिकाम्या झालेल्या घरांत गिनीपिग मोकळे सोडले आणि काही वेळाने त्यांच्या अंगावरच्या पिसवा मोजल्या. जनावराला पहारेकरी म्हणून उभे करावयाचे आणि रोग आला की नाही हे त्याच्या अंगावरून वाचावयाचे, ही कल्पना आपल्या मुलखात अशी रुजली. एका परीने मामांची डुकरे ही त्या गिनीपिगांचीच वारस म्हणावयाची.

*

पुण्याचा ह्या इतिहासातला दुसरा प्रवेश १९५२ सालचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतले रॉकफेलर प्रतिष्ठान ह्यांनी मिळून पुण्यात ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ काढले. परिषदेचे संचालक होते डॉ. चिंतामण गोविंद पंडित. १९७८ साली ह्या संस्थेला राष्ट्रीय विषाणू संस्था असे नाव मिळाले. तिचे पहिले मोठे काम मला फार आवडते. देशाच्या निरनिराळ्या भागांतल्या निरोगी माणसांचे रक्त गोळा करावयाचे आणि त्या रक्तालाच विचारावयाचे, तुला पूर्वी कोण कोण भेटून गेले? विषाणू शरीरात येऊन गेला की रक्तात त्याची प्रतिद्रव्ये मागे राहतात. वाड्यात पाहुणा येऊन गेल्यावर वहीत नाव राहावे तसे. ह्या पाहणीचे निष्कर्ष १९५४ साली छापले गेले, आणि जपानी मेंदूज्वराच्या किंवा त्याच्या भाऊबंद विषाणूंच्या खुणा हिंदी माणसांच्या रक्तात आहेत असे त्यातून दिसले. त्या वेळेपर्यंत ह्या रोगाचा एकही रोगी भारतात ओळखला गेला नव्हता. आधी रक्त बोलले. १९५५ साली वेल्लोरला मेंदूज्वराची मुले ओळखली गेली ती नंतर. १९५६ साली त्याच भागातल्या डासांतून विषाणूही सापडला. ह्या डासांच्या गोत्राचे शास्त्रीय नाव ‘क्युलेक्स विष्णुई’ असे आहे. विष्णूच्या नावाचा डास आणि वराह ह्यांची गाठ शास्त्रज्ञांनी ठरवून घातलेली नाही, ती निसर्गानेच घातली आहे.

ती गाठ अशी. हा विषाणू राहतो बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांत. भातखाचरांतले डास त्यांच्यापासून तो उचलतात. माणसाला डास चावला तर माणूस आजारी पडेल, प्रसंगी मरेल. पण त्याच्या रक्तात विषाणू इतका थोडा असतो की दुसऱ्या डासाला त्याच्यापासून तो मिळत नाही. गाय-म्हशींचेही तसेच. डुकराचे मात्र उलट. मोठे डुक्कर आजारी दिसत नाही, गाभण मादी तेवढी गाभडते किंवा मेलेली पिले टाकते; पण दोन-चार दिवस त्याच्या रक्तात विषाणूचे उदंड पीक येते आणि चावणारा प्रत्येक डास ते घेऊन उडतो. शिवाय डुकरीण वर्षातून दोनदा विते आणि वेताला आठ-दहा पिले देते, म्हणजे रोग कधीच न पाहिलेली नवी अंगे विषाणूला दर हंगामात तयार मिळतात. ब्यूशर आणि शेरर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी जपानमध्ये १९५० नंतरच्या दशकात हे चक्र उलगडून दाखवले.

जपानी लोकांनी ह्याच दुर्गुणाचा गुण केला. १९६५ पासून तेथे दर उन्हाळ्यात कत्तलखान्यात येणाऱ्या डुकरांचे रक्त तपासले जाते. डुक्कर सहा-एक महिन्यांचे असते. आईच्या दुधातून आलेली प्रतिद्रव्ये तोवर विरलेली असतात. तेव्हा त्याच्या रक्तात जी खूण सापडेल ती याच हंगामातली. म्हातारा माणूस कुठला पाऊस केव्हा भिजला हे सांगू शकत नाही; सहा महिन्यांचे पोर सांगते, कारण त्याने एकच पावसाळा पाहिला आहे. एका जिल्ह्यातली डुकरे भराभर ‘होय’ म्हणू लागली की माणसांत रोग दिसण्याच्या आधीच त्या जिल्ह्याला इशारा देता येतो. पुण्याच्या संस्थेनेही पुढे कर्नाटकात अशीच पहारेकरी डुकरे ठेवून विषाणूची चाहूल घेतली. आणि २०२४ च्या अखेरीस खुद्द पुणे शहरात एका बालकाला हा ज्वर झाल्याचे निदान झाले, तेव्हा शहरातल्या डुकरांच्या रक्ताचे नमुने घेण्यात आले.

आणि मेंदूज्वर म्हणजे काय हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने २००५ सालचे गोरखपूर आठवावे. त्या एका वर्षी पूर्व उत्तर प्रदेशात हजाराहून अधिक माणसे मेली, बहुतेक सारी मुले. जी जगली त्यांतली कितीतरी पुन्हा पूर्वीसारखी बोलली-चालली नाहीत. त्यानंतर २००६ पासून देशात लसीकरण सुरू झाले. पहाऱ्याची किंमत अशा वेळी कळते.

*

आता माझ्या स्नेह्यांच्या आधणाकडे वळतो. किती नळ्या भरल्या म्हणजे कळप कळला?

ह्या प्रश्नाच्या मुळाशी आपल्या सातारा जिल्ह्यातला एक माणूस आहे, ह्याचा मला अभिमान वाटतो. बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. फर्ग्युसनचे विद्यार्थी, लंडनला संख्याशास्त्र शिकून आले. त्या काळी पिकाचा अंदाज आणेवारीने निघे. पाटील-तलाठी बांधावर उभे राहत, पिकावर नजर टाकत आणि ‘दहा आणे’ म्हणत. ती नजर कधी दुष्काळाला भिई, कधी सारा वसुलीला. सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे ह्यांनी दाखवून दिले की शेते नजरेने निवडू नयेत, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडावीत, आणि निवडलेल्या तुकड्यातले पीक प्रत्यक्ष कापून तोलावे. चिठ्ठीला लोभ नसतो आणि भीती नसते. सुखात्म्यांचा नमुना पाहणीवरील ग्रंथ १९५४ साली निघाला आणि जगभर वाचला गेला.

कळपालाही तोच न्याय. पशुवैद्यक गेला की मालक जे जनावर सहज हाती लागेल ते पुढे करतो. सहज हाती लागते ते बहुधा म्हातारे किंवा दुबळे. त्यावरून कळप ठरवणे म्हणजे पुन्हा आणेवारीच. म्हणून आधी यादी, मग चिठ्ठी, मग सुई. किती सुया, ह्याचे गणित माझ्या स्नेह्यांनी मला पाकिटाच्या पाठीवर मांडून दाखवले. मोठ्या कळपात शंभरात दहा जनावरांना रोग शिवला असेल तर २९ जनावरे तपासावीत, म्हणजे त्यांतले एक तरी सापडण्याचा भरवसा शंभरात पंचाण्णव. शंभरात पाचांना असेल तर ५९. शंभरात एकालाच असेल तर २९९. रोग जितका विरळ तितके रक्त अधिक. “आणि रोग अजिबात नाही हे सिद्ध करायला?” मी विचारले. “त्याला वर्षे लागतात,” ते म्हणाले, “आम्ही ते एकदा केले आहे.”

हे ‘आम्ही’ म्हणजे देशातले सारे पशुवैद्यक, आणि ते ‘एकदा’ म्हणजे बुळकांडी. १९५४ पासून टोचणीची देशव्यापी मोहीम सुरू झाली. गावोगावचे पशुवैद्यक, त्यांचे मदतनीस, सायकलीवर बर्फाची पेटी बांधून फिरले. भारतातला शेवटचा उद्रेक १९९५ साली तमिळनाडूत झाला. पण रोग दिसत नाही म्हणजे रोग नाही, असे म्हणता येत नव्हते. टोचलेल्या जनावराच्या रक्तात प्रतिद्रव्ये असणारच, ती रोगाची की लशीची हे कसे कळावे? तेव्हा छातीवर दगड ठेवून टोचणी बंद केली आणि नंतर जन्मलेल्या वासरांची रक्ते चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गावांतून वर्षानुवर्षे तपासली. २००६ साली भारत ह्या रोगातून मुक्त झाल्याचे मान्य झाले, २०११ साली सारे जग. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसलेला हा दुसराच रोग. १८८९ साली संगमावर ज्या कामाला हात घातला ते पुरे व्हावयास १२२ वर्षे लागली. ह्या विजयाची ना कुठे मिरवणूक निघाली ना कुठे पुतळा उभा राहिला. बुळकांडी हा शब्द तेवढा आपल्या शिव्यांत शिल्लक आहे.

*

नमुना नीट घेतला नाही, किंवा त्याचे म्हणणे नीट ऐकले नाही, तर काय होते ह्याचीही उदाहरणे आहेत. १९९८ च्या अखेरीस मलेशियात डुकरे पाळणारी माणसे मेंदूच्या तापाने मरू लागली. डुकरे आहेत, मेंदूचा ताप आहे. काही रोग्यांच्या रक्तात खूणही मिळाली. तेव्हा हा जपानी मेंदूज्वरच असे ठरले. धूर फवारला, लशी टोचल्या. पण मरत होते ते कर्ते पुरुष, डुकरांना हात लावणारे. मुले फारशी नव्हती. लस घेतलेलेही मरत होते. आणि डुकरेही खोकत होती, जे जपानी मेंदूज्वरात होत नाही. मार्च १९९९ मध्ये एका मलेशियन डॉक्टरांनी रोग्याच्या द्रवातून नवाच विषाणू वेगळा केला. तोच आज ‘निपा’ म्हणून आपल्याला ठाऊक आहे. २६५ जणांना रोग झाला, १०५ मेले, आणि दहा लाखांहून अधिक डुकरे मारावी लागली. ह्या विषाणूचे मूळ घर वटवाघुळात आहे. महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघुळांचे नमुने २०२० च्या मार्चमध्ये घेतले असता त्यांतही त्याच्या खुणा पुण्याच्या संस्थेला मिळाल्या. तेव्हा हे सारे दूरदेशीचे आहे असे कुणी समजू नये.

दुसरे उदाहरण आमच्या गावचे. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एक शाळकरी मुलगी त्या वर्षीच्या नव्या फ्लूने गेली. त्या साथीतला तो भारतातला पहिला मृत्यू. पुढचे दोन आठवडे मी विसरणार नाही. शाळा बंद, लक्ष्मी रस्ता ओस, नायडू रुग्णालयापुढे तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसांची रांग. रोगाचे नाव ‘स्वाइन फ्लू’ पडले होते. त्या विषाणूचे पूर्वज डुकरांतले, हे खरे. डुकरांचा फ्लू रिचर्ड शोप ह्या शास्त्रज्ञाने १९३१ सालीच वेगळा काढला होता. पण २००९ ची साथ माणसाकडून माणसाला जात होती, विमानाने आणि शिंकेने. नाल्याकाठच्या डुकरांचा तिच्याशी काही संबंध नव्हता. तरी आमच्या आळीतली भली माणसे डुकरे हाकला, मारा म्हणू लागली. मीही त्या सभेत बसलो होतो आणि काही बोललो नाही, हे येथे नमूद करतो.

इजिप्तने तर त्याच वर्षी देशातली सारी डुकरे मारून टाकली, सुमारे तीन लाख. ती पाळणारी कैरोची कचरा वेचणारी माणसे शहराचा ओला कचरा त्या डुकरांना घालत. डुकरे गेली, माणसे बुडाली आणि कैरोच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग लागले. साथ आली ती आलीच. एकाही डुकराचे रक्त त्या शिक्षेच्या बाजूने साक्ष द्यावयास आलेले नव्हते.

आणि २०२० साली आसाम-अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीवर आला. हा माणसाला शिवतही नाही. पण डुक्कर सहसा वाचत नाही आणि लशीचा आधार नव्हता. रोग सापडला की आसपासचा कळप मारावयाचा, हाच उपाय. कायद्याने मालकाने रोगाची वर्दी द्यावी; २००९ च्या पशुरोग प्रतिबंधक कायद्यात तसे बंधन आहे. नुकसानभरपाईचीही सोय आहे. पण ती हातात पडेपर्यंत चूल कशावर पेटवावी? अशा वेळी माणूस काय करतो? आजारी जनावर रातोरात विकतो. १८९७ साली पेठेतल्या आईने जे केले तेच.

*

म्हणून मामांचा प्रश्न मला ह्या साऱ्या इतिहासाच्या मध्यावरचा प्रश्न वाटतो. शहराच्या कडेला डुकरे पाळणारी ही माणसे बहुधा वडार, कैकाडी अशा कष्टकरी समाजांतली. पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडले, टोपल्या विणल्या, गाढवे-डुकरे वळली. त्यांच्या दारी सरकारी गाडी आली तर ती काही न्यावयास आली, एवढेच त्यांना ठाऊक. आपण त्यांच्याकडून रक्त घेतो, ते आपल्या मुलांसाठी. आणि बदल्यात शब्दही देत नाही.

त्या नमुन्यांचा निकाल दीड-दोन महिन्यांनी कचेरीत आला. मी स्नेह्यांच्या मागे लागलो होतोच. खरे म्हणजे त्यांनाही ते टोचत असावे. त्यांनी एका कोऱ्या पोस्टकार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिले : कोणत्या डुकराच्या रक्तात काय सापडले, कोणत्यात नाही, जे सापडले ते मेंदूच्या तापाचे जुने चिन्ह आहे, जनावर आजारी नाही, मारावयाचे कारण नाही, आडोसा झोपडीपासून लांब न्यावा, डबके बुजवावे, पोरांना मच्छरदाणीत निजवावे आणि लस द्यावी. आम्ही दोघे जाऊन ते वाचून दाखवले. मामांनी दोनदा वाचावयास लावले. मग विचारले, “म्हंजी माजी डुकरं पारख करत्यात व्हय?” स्नेही म्हणाले, “होय मामा, पहारा करतात.” मामांनी कार्ड घेऊन खंडोबाच्या तसबिरीमागे खोचले.

पुढच्या वर्षी आषाढात एक दिवस स्नेह्यांना फोन आला. दोन माद्या एका आठवड्यात गाभडल्या होत्या. कुणी विचारले नव्हते, कुणी सक्ती केली नव्हती. मामा सुनेच्या फोनवरून ओरडून सांगत होते, “डाक्टर, लवकर या, दोरी आन् नळ्या घिऊन या.”

इतकी वर्षे नोकरी झाली, पण डुकरांच्या मालकाने होऊन रक्त न्यावयास बोलावले असे पहिल्यांदाच घडले, असे स्नेही मला म्हणाले. मग त्यांनी बर्फाची पेटी उचलली आणि आम्ही निघालो.